माझ्या नावाआधी 'कै.'

हिमायतनगर
४ एप्रिल २०१६

पंचाक्षरी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा म्हणून पेन टेकवलं आणि हात थांबला. मेलेल्या बाईनं धाकट्या भावाला आशीर्वाद द्यायचा असतो का, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तुला माहीत असलं तर कळव.

दचकलास? दचक जरा. मी परवा अशीच दचकले आणि हातातला चहा कीबोर्डवर सांडला.

नीट सांगते, नाहीतर म्हणशील अक्काचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत तुला माझी काही खबर नाही. मी हदगावच्या तहसीलमधून मागच्या वर्षी रिटायर झाले. आता शेषेरावांच्या गावी, हिमायतनगरला, आम्ही दोघं असतो. मूलबाळ झालं नाही, हे तुमच्यापर्यंत पोचलं असेलच. तसल्या बातम्यांना एसटी लागत नाही.

घरी बसून मी एक काम करते. तुमच्या लातूरचं एक वाचनालय जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवतंय. पानापानाचा फोटो निघतो, मग मशीन तो फोटो बघून अक्षरं वाचतं आणि आपलं आपणच टाइप करतं. ऐकायला लई भारी वाटतं, पण त्या मशीनची नजर कच्ची. पानावर धुळीचा कण दिसला की त्याला अनुस्वार समजतं, घडी पडलेली असली की ओळच्या ओळ गिळतं. म्हणून एका बाजूला पानाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला मशीननं टाइप केलेलं, असं समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघायला कुणीतरी माणूस बसवावा लागतो. तो माणूस मी. नेटवरून पानं येतात, मी दुरुस्त करून परत धाडते. तिथं तारामती नावाची मुलगी सगळं सांभाळते. ती म्हणते, ताईंच्या हातून गेलेलं पान परत बघावं लागत नाही. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटतं.

यंदा त्यांनी जुने फोटो हाती घेतलेत. लातूर जिल्हा झाला त्या वर्षीचे फोटो कुणाकडं असतील तर आणा, कॉम्प्युटरवर घेऊन परत देतो, असं गावात सांगितलं होतं म्हणे. प्रत्येक फोटोखाली दोन-चार ओळींची माहिती असते. तिची भाषा शुद्ध आहे का, ते मी बघते. परवा एक गठ्ठा आला. मंडपातली भाषणं, कचेरीपुढची गर्दी, फेटे बांधलेली माणसं. पुढचा फोटो उघडला तर मीच.

तू तो फोटो विसरला नसशीलच, कारण तूच नेऊन दिलास. नव्या कलेक्टर कचेरीचा कापडी बोर्ड, त्याच्यापुढं टेबल, टेबलावर टाइपरायटर आणि त्याच्यावर हात ठेवून उभी मी. नव्या जिल्ह्याच्या कचेरीतली पहिली बाई टायपिस्ट म्हणून फोटोग्राफरनं मुद्दाम उभं केलं होतं. चोविशीतली पोरगी, मान अशी ताठ की जणू जिल्हा तिनंच केला.

खाली लिहिलंय : 'कै. शिवकांता सिद्रामप्पा हालकुडे, टंकलेखिका. छायाचित्र देणार : बंधू पंचाक्षरी.'

कै. म्हणजे कैलासवासी. निदान लिंगैक्य तरी लिहायचं रे. आपल्यात तसंच लिहितात ना? मारायचं तर जातीच्या रीतीनं तरी मारा.

मी लगेच तारामतीला फोन केला. तिला माझं माहेरचं नाव माहीत नव्हतं. बिचारी लई खजील झाली. मी म्हटलं, मीच दुरुस्त करते. तर ती हळूच म्हणाली, ताई, नियम तुम्हीच आमच्याकडून पाठ करून घेतलाय. खरं आहे. फोटोची माहिती देणाऱ्याची असते. तपासणाऱ्यानं त्यात स्वतःच्या पदरची माहिती घालायची नाही, नाहीतर उद्या जो तो आपल्या आजोबाला स्वातंत्र्यसैनिक करेल. बदल करायचा तर फोटो देणाऱ्यानं येऊन सांगावं लागतं. हा नियम मोडणाऱ्या दोघांना मी या कामातून घरी बसवलंय. आता कुठल्या तोंडानं मोडू?

तेव्हा पंचाक्षरी, माझं जिवंत असणं तुझ्या तोंडात अडकलंय. वाचनालयात जा आणि एकच वाक्य बोल. माझी अक्का जिवंत आहे. बस. माझ्या घरी यायची गरज नाही, माझ्या ताटात जेवायची गरज नाही, माझ्याशी संबंध ठेवायचा नाही हा अप्पांचा शब्द मोडायची गरज नाही. जे खरं आहे तेवढं बोलायला तुझी जीभ झिजणार नाही.

माझा फोन नंबर खाली देते. पण शक्यतो लिहीच. फोनवर मला रडू येतं, कागदावर नीट भांडता येतं.

तुझी (तुझ्या माहितीप्रमाणे नसलेली)
अक्का

*

हिमायतनगर
१७ एप्रिल

पंचाक्षरी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. दुष्काळ म्हणून तुमच्याकडं रेल्वेनं पाणी आलं ते टीव्हीवर बघितलं. स्टेशनवरच्या गर्दीत मी तुझं तोंड शोधत बसले होते. तू आता कसा दिसतोस हे मला माहीत नाही, तरी शोधत होते. शेषेराव म्हणाले, अगं, कोण दिसतंय का? मी म्हटलं, कुणी न्हाई, डब्बे मोजून राहिले. हे 'राहिले' इकडचं बरं का. इथं सगळे असंच बोलतात, आता माझ्याही जिभेला बसलंय. तू असतास तर हसून मेला असतास.

असो. आज लिहायचं कारण वेगळं आहे.

या कामात प्रत्येक फोटोची दोन चित्रं ठेवतात. पहिलं मूळ, म्हणजे वस्तू हातात आली तशी, डाग, भेगा, चौकट, सगळ्यासकट. ते कुलपात जातं, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसरं लोकांना दाखवायचं, डाग पुसून, कडा कापून, उजळ केलेलं. मला आलं होतं ते दुसरं. मी तारामतीकडं मूळ मागितलं. म्हटलं, आपण मेलो त्याचा पुरावा तरी बघावा.

तिनं पाठवलं. काचेसकट, लाकडी चौकटीसकट. आणि काचेवर, नेमकं माझ्या कपाळावर, भस्माचे तीन पट्टे. जाड. चौकटीच्या फटीत वाळलेल्या फुलाच्या पाकळ्या.

तारामती म्हणाली, तुम्ही कुणी तिला काही सांगितलंच नव्हतं. तू फोटो दिलास, नाव सांगितलंस, आणि उन्हातून आलो म्हणून लगेच निघालास. भस्म आणि फूल बघून तिनंच कै. लिहिलं. विचारायची गरजच वाटली नाही म्हणाली. म्हणजे मागच्या पत्रातल्या शिव्या मी परत घेते, तुला नाहक दिल्या.

पण पंचाक्षरी, हे तर त्याहून वाईट झालं. तू बोलून मला मारलं असतंस तर एकदाच मारलं असतंस. हे भस्म एका दिवसाचं नाही. मला आपल्या घरातली ती भिंत आठवते. देवघराच्या बाजूची, आजोबा, आजी, लहानपणी गेलेला काका. सकाळी अव्वा लिंगपूजा करून उठायची आणि हाताला उरलेलं भस्म एकेका काचेवर ओढायची. त्या रांगेत मला टांगलंत? मी इकडं हदगावात जनगणनेचे कागद टाइप करत होते, भाजी आणत होते, शेषेरावांशी भांडत होते, आणि तिकडं रोज सकाळी माझ्या कपाळाला मेलेल्याचं भस्म?

अप्पा करतील, बापाचा राग मला माहीत होता. पण तो हात अव्वाचा, आईचा आहे रे. तिचे पट्टे मी ओळखते, मधलं बोट जरा वाकडं जातं. तिच्या हातानं हे कसं झालं?

मी भांडत नाही आता. एवढंच कळव. अव्वा कशी आहे?

शिवकांता

*

हिमायतनगर
२४ एप्रिल

पंचाक्षरी,

काल तू फोनवर 'अक्का' म्हणालास आणि मी फोन ठेवून दिला. तू परत लावलास, मी परत ठेवला. तिसऱ्यांदा शेषेरावांनी उचलला आणि म्हणाले, ती ऐकते आहे, तुम्ही बोला. तू त्यांना 'दाजी' म्हणालास. तर त्यांनी तुला पाऊसपाणी विचारलं. लातूरच्या माणसाला पाऊसपाणी! नंतर मी त्यांना लई बोलले.

तू सांगत होतास आणि मी नुसती हं हं करत होते. आता कागदावर बोलते, कारण मला खात्री करून घ्यायची आहे की मी नीट ऐकलं.

तू म्हणालास, मी जातीबाहेर रजिस्टर लग्न करून निघून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझा फोटो काढून फेकायला स्टुलावर चढले. फोटो तेव्हा पुढच्या खोलीत होता. अव्वा पूजेवरून उठून आली, हाताला भस्म तसंच. अप्पांचा हात चौकटीला लागायच्या आत तिनं काचेवर तीन बोटं ओढली आणि वर एक फूल खोचलं. अप्पा स्टुलावर उभेच राहिले. भस्म लागलेली वस्तू उकिरड्यावर टाकायला त्यांचा हात उठणार नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. भस्माशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस तो. शेवटी खाली उतरले आणि म्हणाले, असू दे, मग मेलेल्यांतच असू दे. आणि स्वतःच्या हातानं आजोबांच्या शेजारी खिळा ठोकला.

"अव्वानं तुला मेलेली म्हणून भस्म लावलं न्हाई, अक्का. राखायला लावलं." हे तू बोललास ना? मी नीट ऐकलं ना?

आजोबांच्या काचेवर ती एक बोट ओढायची आणि पुढं जायची, म्हणालास. माझ्यापाशी थांबायची. पदरानं आधी माझं तोंड पुसायची. कुणी बघतंय का ते बघायची नाही, कारण पूजेच्या बाईला कोण काय विचारणार? घरात माझं नाव घ्यायची बंदी, आणि रोज सकाळी सगळ्यांच्या देखत ती माझ्या तोंडावरून हात फिरवत होती.

मी आठवडाभर त्या बाईला मनातल्या मनात काय काय बोलले, पंचाक्षरी. ते तू तिला सांगू नकोस.

वाचनालयात फोटो द्यायला तिनंच धाडलं हेही ऐकलं. 'जिल्ह्याच्या कचेरीत पहिली मशीन बडवणारी कुणाची लेक होती, बघू दे लोकाला.' हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

आता दुसरं. हे ऐकल्यापासून मला घास जात नाही. टँकर कधी येतो कधी येत नाही, आणि अव्वा अंघोळीशिवाय लिंगाला हात लावत नाही, पूजेशिवाय खात नाही. पाणी नसेल त्या दिवशी ती उपाशीच बसते. तू हंडाभर तिच्यासाठी राखतोस, ती म्हणते लेकराबाळांना प्यायला ठेवा. पोटच्या पोरापुढं ऐंशी पार केलेली बाई चक्कर येऊन पडते आणि पोरगा काही करू शकत नाही. तू हे सांगताना खाकरत होतास. रडत होतास, मला कळलं.

तिला इकडं पाठव. आमच्या बोअरला अजून सकाळचं तासभर पाणी आहे. कमी आहे, पण आम्ही दोनच माणसं. तिच्या अंघोळीला कधी कमी पडणार नाही.

तू जे अडखळत सांगितलंस तेही मी ऐकलंय. अप्पांनी जायच्या आधी तिला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. 'शिवकांताच्या घरचं पाणी तोंडात घेणार न्हाई.' हेच शब्द ना? पाणी अंगावर घेतलेलं चालतं, तोंडात नाही? मग आधी तिला येऊ दे. तोंडाचं तोंडाशी बघू.

अक्का

*

२९ एप्रिल

घाईत. तू फोनवर हो म्हणालास, म्हणून हे लातूरला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती देते. नांदेडच्या स्टँडवर उद्या शनिवारी आम्ही दोघं उभे राहू, चौकशीच्या खिडकीपाशी. शेषेराव म्हणतात, मी लांब थांबतो. मी म्हटलं, बिलकुल नाही, माझ्या शेजारी थांबायचं. अव्वाला खिडकीची जागा दे, आणि डोक्याला ओला टॉवेल.

मी हिरवी साडी नेसेन. तू ओळखणार नाहीस म्हणून सांगते.

अक्का

*

हिमायतनगर
२ मे

पंचाक्षरी,

तू लगेच परतीची बस पकडलीस म्हणून मी रागावलेली नाही. तुझ्या डोळ्यांत बघून मलाही बोलता आलं नसतं. तुझे केस गेले रे सगळे. अप्पांचं डोकं तुझ्या खांद्यावर बघून मला आधी भीतीच वाटली. मग तू नाक ओढलंस, लहानपणी ओढायचास तसंच, आणि माझा भाऊ सापडला.

अव्वा बसमधून उतरली तेव्हा मला वाटलं होतं, ती रडेल, मी पाया पडेन, असं काहीतरी. तिनं आधी वळून तुला सांगितलं, कॅन उतरव. मग माझ्याकडं बघितलं. हात उचलला आणि माझ्या तोंडावरून फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तो हात सवयीचा होता. मी वाकायचीच विसरले.

लातूरहून पाण्याचा कॅन घेऊन निघालेली बाई अख्ख्या स्टँडनं बघितली असेल. कंडक्टर म्हणाला, आज्जी, लोक लातूरला पाणी न्यायलेत, तुम्ही लातूरचं पाणी कुठं चालवलंय? अव्वा म्हणाली, लेकीच्या घरी. त्याला काय कळणार? मिरजेहून रेल्वेनं लातूर, लातूरहून एसटीनं नांदेड, नांदेडहून जीपनं हिमायतनगर. त्या पाण्यानं जेवढा मुलूख बघितला तेवढा मी पण नाही बघितला.

इथलं सांगते. सकाळी बोअरच्या पाण्यानं अंघोळ करते. पहिल्या दिवशी न्हाणीत इतका वेळ बसली की मी दाराला कान लावला. आत ती हळू आवाजात काहीतरी म्हणत होती आणि पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. मग पूजा, मग माझ्या हातची भाकरी. पण पीठ मळायचं कॅनच्या पाण्यानं, वरण कॅनच्या पाण्याचं, पिणं कॅनचं. माझ्या माठाकडं ती बघत पण नाही. शेषेरावांसमोर पदर डोक्यावर घेते, त्यांच्याशी बोलत नाही. ते बिचारे स्वतःच्या घरात चोरपावलांनी चालतात.

आज तिला कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि फोटो दाखवला. लोकांना दाखवायचा तो नाही, मूळ. काच, भस्म, पाकळ्या. मोठा करून. ती लई वेळ बघत राहिली. मग तारामतीनं साफ केलेला दाखवला, तर म्हणाली, "ह्याच्यावरचं माझं कुणी पुसलं?" मी सांगितलं, पुसलं नाही, ते जपून ठेवलंय, हा नुसता लोकांना बघायला. मूळ तसंच राहणार, कुणी बोट लावायचं नाही. तिनं पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग खाली काय लिहिलंय ते वाचायला लावलं. मी वाचलं, कै. सकट. ती हसली नाही, रागावली नाही. नुसतं हं म्हणाली.

कॅन अर्ध्यावर आला. दुसरा कुणाबरोबर तरी पाठव. आणि तेवढं वाचनालयात जाऊन ये. माझ्यासाठी नको, त्या मुलीच्या डोक्यावर उगाच ओझं आहे.

अक्का

*

हिमायतनगर
९ मे

पंचाक्षरी,

आधी सांगते, अव्वा बरी आहे. तू घाबरून फोन केला होतास तेव्हा मी उचलला नाही, कारण मी तिच्याजवळ बसले होते. आता सगळं क्रमानं लिहिते.

तुझा कॅन आला नाही. टँकरच आला नाही तर तू तरी काय भरणार? मला त्याचं काही वाटलं नाही. पण इकडं परवा सकाळी कॅन खडखडीत झाला. अव्वानं अंघोळ केली, पूजा केली आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, आज उपास. मी म्हटलं, दुकानातून बाटल्या आणते. म्हणाली, तुझ्या पैशानं आणल्या की त्या तुझ्याच घरच्या. शेजारून आणू? म्हणाली, माझ्या लेकीच्या दारात बसून शेजाऱ्याला पाणी मागू? मला चांगलाच राग आला. मी म्हटलं, अव्वा, अप्पा गेले, त्यांची शपथ त्यांच्याबरोबर गेली. तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. ज्या लिंगावर हात ठेवून बोलली ते रोज तिच्या तळहातावर असतं. ती त्याला काय सांगणार?

दुपारी ऊन असं की कौलं तडतडत होती. तिचे ओठ सुकले. शेषेराव आत-बाहेर, आत-बाहेर. माठ भरलेला, बोअरला पाणी, आणि घरात म्हातारी तहानलेली. आयुष्यात मला एवढं हतबल कधी वाटलं नव्हतं. मी कोपऱ्यात जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

तेवढ्यात तारामतीचा फोन आला. तू वाचनालयात जाऊन आलास म्हणाली. उन्हात चालत गेलास, आणि तिच्या टेबलापुढं उभं राहून बोललास, "माझी अक्का जिवंत हाय, तिच्या नावाआधीचं काढा." आणि मग तिथल्या बाकावर बसून राहिलास, तिनं तुला चहा दिला. ती म्हणाली, ताई, आता तुम्ही स्वतःच बदल करा, माझ्या हातानं नको.

मी अव्वाला हे सांगितलं. वाटलं, ऐकून तिला बरं वाटेल, मग काहीतरी तोंडात घे म्हणून गळ घालता येईल.

तिनं विचारलं, "अजून खोडलं न्हाईस ना?"

मी म्हटलं, न्हाई, आता बसते आणि खोडते.

"खोडू नको."

मला वाटलं, तहानेनं तिचं डोकं फिरलं. म्हटलं, अव्वा, चुकीचं हाय ते.

तर म्हणाली, "मी कुणाच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई म्हणाले? शिवकांताच्या. अन शिवकांता तर कैलासात गेली, लायब्ररीत लिवलंय तसं. तुझ्या अप्पानं पण तिला मेलेल्यांतच टांगलं, आपल्या हातानं खिळा ठोकून. मेलेल्या बाईचं घर कुठलं? हे घर जावयाचं हाय."

आणि मग तिनं पदर नीट केला, दाराकडं वळली आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या शेषेरावांना म्हणाली, "जावईबापू, तांब्याभर पाणी द्या."

इतक्या वर्षांत त्या माणसाला माझ्या माहेरच्या कुणी कसल्याच नावानं हाक मारली नव्हती. तू फोनवर दाजी म्हणालास तेवढंच. ते माठाकडं गेले, तांब्या घेतला, धुतला, परत धुतला. भरताना अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. दुष्काळात पाणी सांडलं म्हणून एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी पुढं केला. अव्वानं घेतला आणि वरून, न टेकवता, गटागटा प्यायली. थांबून श्वास घेतला आणि परत प्यायली. मी मोकळं रडले. शेषेराव पण रडले, पण ते म्हणतात घाम होता.

संध्याकाळी तिनं त्यांना जवळ बसवून त्यांच्या आईचं नाव विचारलं, गावात माझे सासरे कोण होते विचारलं, आणि तुमच्या बोअरचं पाणी जरा खारट हाय म्हणून सांगितलं.

आता तुला हे का लिहिते. तू एवढ्या उन्हात जाऊन बोललास ते वाया गेलं असं वाटून घेऊ नकोस. ते मला मिळालं, पूर्ण मिळालं. पण मी ते फाइलीत घातलेलं नाही. तपासणाऱ्यानं प्रत्येक फोटोपुढं एक शेरा लिहायचा असतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी, कधी एक अनुस्वार सोडला नाही. काल माझ्या नावापुढं शेरा लिहिला : 'तपासले. बदल नाही.' तारामतीला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, मग फोटो देणाऱ्यांकडून अजून तसं कळलेलं नाही, असं मी धरते. तेव्हा तुला कुणी विचारलं तर तू तिथं गेलाच नव्हतास.

लोक बघतील, कै. वाचतील आणि म्हणतील, अरेरे, बिचारी तरणीताठी गेली. म्हणू देत. अव्वा आहे तोवर मला जिवंत व्हायची घाई नाही.

अक्का